पाटीवर न मावणारं नाव

स्पष्टच सांगते, मला हवं होतं. वीब्केच्या बाळाला माझं नाव मिळावं असं मला फार फार वाटत होतं, आणि मतदानाची वेळ आली तेव्हा मीच त्याच्याविरुद्ध मत दिलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही माणूस किती आडमुठं असू शकतं, ते माझ्याकडे बघून शिकावं.

माझं नाव हानेलोरे. आईच्या आईचं नाव हाना, वडिलांच्या आईचं लोरे. दोघी हटून बसल्या, तेव्हा वडिलांनी दोन्ही नावं एकमेकांना जोडून टाकली आणि नोंदणी कचेरीतून सरळ बिअर प्यायला गेले. पूर्ण नावानं मला हाक मारायची ती फक्त आई, तीही मी घरात काही फोडलं की. बाकी सगळ्या गल्लीला मी नुसती लोरे.

तर त्या रविवारी चार वाजता सगळे माझ्याकडे कॉफीला जमले होते. माझी मुलगी उलरिके, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत आलेली माझी नात वीब्के, तिचा नवरा टीलो, आणि शेजारचा हाइनर. हा हाइनर मी आलुबुखाऱ्याचा केक केला की न बोलावता येतो. शहाणी माणसं बाळाचं नाव जन्माआधी कुणाला कळूच देत नाहीत. वीब्केनं मात्र काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "तीन नावं काढलीयत. यूले, फ्रीडा आणि हानेलोरे. बोला, तुम्हाला काय वाटतं?"

झालं! विचारायचा अवकाश.

"हानेलोरे?" उलरिके किंचाळलीच. "अगं, पाळण्यात बाळ ठेवणारायस की रिटायर झालेली पोस्टमास्तरीण? सॉरी हं आई."

"माझ्या मामाची एक गाय होती हानेलोरे," हाइनर तोंडात केक कोंबून म्हणाला. "पण काय गुणी हो! कधी लाथ मारली नाही."

टीलो नुसता हसत होता. तो उत्तरेकडचा, त्याच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो.

"आजी, तू सांग ना," वीब्के म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आवडेल, एवढंच म्हणायचं होतं. पण ती पोस्टमास्तरीण आणि ती गाय डोक्यात बसली होती. मला असा राग आला म्हणता!

"मला काय विचारतेस?" मी म्हणाले. "माझ्या वर्गात चार हानेलोरे होत्या. मास्तर आम्हाला नंबरानं हाक मारायचे. मी तीन नंबर. पोरीच्या गळ्यात हे लोढणं कशाला अडकवायचं?"

"मग मतदान घेऊ," हाइनर म्हणाला. तो ससे पाळणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. आमच्या गावात चौकातल्या बाकाला कुठला रंग द्यायचा तेसुद्धा मतदानानं ठरतं, आणि एकदा ठरलं की कुणी ब्र काढत नाही. कागदी रुमालाचे तुकडे वाटले, पेन फिरलं. यूले तीन, हानेलोरे दोन. हाइनरनं टेबलावर चमचा आपटून निकाल जाहीर केला. माझ्या एका मतानं मीच पडले होते. मी कप उचलले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

आमच्याकडे बाळ करकोचा आणतो म्हणतात; म्हणून बाळ झालं की आई घरी यायच्या आत शेजारी तिच्या अंगणात लाकडी करकोचा उभा करतात. त्याच्या चोचीला पाटी, पाटीवर बाळाचं नाव. गल्लीचा करकोचा माझ्या कोठारात असतो. माझ्या नवऱ्यानं, आल्फोन्सनं तो बनवला, आणि तेव्हापासून रंगकाम माझ्याकडे.

महिन्याभरानं सकाळी टीलोचा फोन आला. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. परवा घरी." आणि ठेवला. त्यानं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायचं काय? मतदान झालं होतं ना! मी जुनं नाव खरवडलं आणि निळ्या रंगात 'यूले' लिहिलं. नाव एवढंसं, म्हणून उरलेल्या जागेत फुलं काढली. नाक दोनदा पुसावं लागलं, आणि सर्दी तर नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी गल्ली वीब्केच्या अंगणात, हातात दारूचे छोटे पेले. गाडी थांबली. वीब्के बाळाला घेऊन उतरली आणि पाटी वाचून जागच्या जागी थांबली.

"ही यूले कोण?"

"कोण म्हणजे? तुझी मुलगी!" हाइनर म्हणाला. "तीन विरुद्ध दोन. कागद जपून ठेवलेत मी."

"हाइनरकाका, मी मत विचारलं होतं, परवानगी नाही." ती माझ्याकडे वळली आणि गाठोडं सरळ माझ्या हातात दिलं. "घे आजी. हानेलोरेला धर जरा, माझी पाठ मोडलीय."

मी रडले. भर अंगणात, सगळ्यांसमोर, पोरीचं टोपडं भिजेपर्यंत रडले.

"अगं, पण मी विरुद्ध मत दिलं होतं," मी कबूल करून टाकलं.

"माहितेय. तुझं अक्षर करकोच्यावर बघतच मोठी झालेय मी. आणि त्या दिवशी तू अर्धा केक बशीत टाकून उठलीस. तू! तेव्हाच टीलो म्हणाला, ठरलं."

"दुसरं मत माझंच होतं," टीलो म्हणाला. लग्नानंतरचं त्याचं हे सगळ्यात लांब भाषण असावं.

मग काय, उलरिकेनं बाळाला वर निजवायला नेलं, मी घरून रंग आणला, पाटी पुन्हा खरवडली. आल्फोन्सनं ती यान आणि ऊवे असल्या छोट्या नावांच्या मापानं कापली होती. आमच्या रोमन लिपीत हानेलोरेची अक्षरं नऊ; त्यातली आठ कशीबशी बसली आणि नववं करकोच्याच्या मानेवर काढायची वेळ आली.

"वाकडं जातंय," हाइनर मागून म्हणाला. "मला वाटतं, यावर एकदा मत..."

"मतदानाचं नाव काढलंस तर हा ब्रश तुझ्या मिशीवर फिरवीन!"

तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि उलरिके, तीच पोस्टमास्तरीणवाली, ओरडली, "अरे, हानेलोरे रडतेय! या ना कुणीतरी!"

हाइनरनं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणती गं?"

"दोघी," मी म्हणाले, आणि बाहीनं डोळे पुसून नववं अक्षर रंगवायला घेतलं.