पाचशे किलोंची खोडी

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आमच्या तळावर लष्करी हेलिकॉप्टर उडवायचे, आणि त्यांच्या हेलिकॉप्टरखाली अवजड सामान टांगायचं काम माझं. सामानाचं वजन मी अंदाजाने लिहायचो आणि वर पाचशे किलो वाढवायचो. जास्त लिहिलेलं बरं. भाऊजींना माझी खोड ठाऊक होती. ते मुकाट्याने पाचशे वजा करायचे आणि तेवढं इंधन जास्त भरून घ्यायचे. आठ वर्षं आमचं असं बिनबोभाट चाललं होतं.

"तुझ्या भावाच्या वजनात निम्मी हवा असते," असं ते जेवताना ताईला ऐकवायचे, आणि ताई माझ्या ताटात आणखी वाढायची.

मग तळावर वजनकाटा आला. डोंगरापलीकडे पोचवायचा बुलडोझर मी काट्यावर चढवला आणि पहिल्यांदाच खरा आकडा लिहिला. भाऊजींना सांगितलं नाही. मुद्दामच. ते सवयीने पाचशे वजा करतील, उचलताना इंजिन कण्हेल, झक मारत बुलडोझर खाली ठेवतील आणि मी महिनाभर त्यांची टर उडवीन, असा बेत. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

पण भाऊजी हाताचे पक्के. त्यांनी तो उचललाच. मी खालून टाळ्यासुद्धा वाजवल्या. पुढे खिंडीत वाऱ्याने दाबलं, तेव्हा वर चढायला ताकद उरली नव्हती. बुलडोझर सोडून द्यायलाही वेळ मिळाला नाही. भाऊजी आणि सोबतचे दोघे, तिघेही गेले.

चौकशीत साहेबांनी माझा कागद काट्याच्या नोंदीशी ताडून पाहिला. "तुमचा आकडा तंतोतंत आहे. चूक वैमानिकाची. इथे सही करा."

सही केली असती तर माझी नोकरी शाबूत राहिली असती आणि मेलेल्या माणसाच्या माथी खापर फुटलं असतं. मला स्वतःची किळस आली.

"साहेब, आकडा खरा आहे, हीच माझी लबाडी," मी म्हणालो आणि आठ वर्षांचं सगळं ओकून टाकलं. साहेबांनी दोनदा सावकाश बोलायला सांगितलं.

बाहेर बाकावर ताई बसली होती. तिलाही सगळं सांगितलं, खोडीसकट. तिने थोबाडीत मारली असती तरी मला चाललं असतं.

ती म्हणाली, "मला आता कशाला सांगतोस? त्यांना सांगायचं होतंस."