हिरव्या दोऱ्याची काठी

चष्मेवाल्याला मासे धरण्याचा नाद लागला तो डोळ्यांपायी. सव्वीस वर्षं चष्म्यांचे बारीक स्क्रू पिळून पिळून त्याच्या डोळ्यांना लांबचं बघायची सवयच राहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एक दिवस मोकळ्यावर जा आणि लांब बघत बसा. पहिल्या रविवारी तो तळ्याकाठी तासभर हात मांडीखाली घालून बसला, तेव्हा फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्याने जवळ येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?" पलीकडे चारजण गळ टाकून बसले होते. तेही काही करत नव्हते, पण त्यांची चौकशी कोणी करत नव्हतं. हातात काठी असली की माणसाला बिनकामाचं बसायची मुभा मिळते, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढच्या शनिवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तो काठी आणायला गेला.

गळाच्या सामानाचं दुकान तळ्याच्या रस्त्यावरच होतं. अरुंद, लांबट आणि दोन्ही भिंतींना उभ्या काठ्याच काठ्या. मालकीणबाई पन्नाशीच्या होत्या. येणारे-जाणारे सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून तोही म्हणाला.

"ताई, एक काठी हवी होती. मला यातलं काहीच कळत नाही, हे आधीच सांगतो."

"मग तुम्ही सोपं गिऱ्हाईक," ताई म्हणाल्या. "ज्यांना थोडं कळतं ना, ते सकाळपासून डोकं खातात. कुठे टाकणार?"

"तळ्यावर. कधी नदीवर. अजून नक्की नाही."

"म्हणजे सगळीकडे चालेल अशी पाहिजे. आणि पहिलीच आहे, तर स्वस्तातली." त्यांनी एक लांबलचक काठी बाजूला सारली. "ही समुद्राची. तळ्यावर हिचं काय लोणचं घालायचं? ही सहा फुटी, ओढ्याला बरी. तुम्ही सात फुटी घ्या, मधल्या ताकदीची. फार कडक घेतलीत तर हलकं आमिष पायाशीच पडतं. फार लवचीक घेतलीत तर मोठा मासा तुम्हालाच फिरवून आणतो."

त्यांनी दोन तुकड्यांची एक काठी जोडून त्याच्या हातात दिली. हिला स्पिनिंग रॉड म्हणतात, दोरा गुंडाळायचं रीळ खालच्या अंगाला बसतं, नवशिक्याचा दोरा त्यात कमी गुंततो, असं सगळं समजावून सांगितलं. मग गल्ल्याजवळचा चिमूटभर कापूस घेऊन दोरा ओवायच्या प्रत्येक कडीतून फिरवला. "कुठे धागा अडकला का? नाही ना? म्हणजे कडी गुळगुळीत आहे, दोरा कापणार नाही. महागाच्या काठ्यांनासुद्धा मी हे करून बघते."

काठीच्या कड्या हिरव्या दोऱ्याने आवळून बांधलेल्या होत्या, फेऱ्याला फेरा लागून. इतकं नेटकं काम चष्मेवाल्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. "कोणाची ही?"

"एकटा माणूस करतो, घरामागच्या खोलीत. जाहिरात नाही, काही नाही. नवीन माणूस आला की मी डोळे झाकून हीच देते. सहा वर्षांत एक परत आलेली नाही."

चष्मेवाला काठी घेऊन घरी आला तो हवेतच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात तो आणि सासूबाई. सासूबाई बाहेरच्या खोलीत परातीत मटार सोलत बसल्या होत्या, वर पंखा जोरात फिरत होता. चष्मेवाल्याने काठी जोडली, उगाच एकदा हलवली. टोक छान थरथरलं. ताईंनी सांगितलं होतं तसं मनगटाने मागे नेऊन पुढे फेकून बघावं, असं त्याला वाटलं.

खट्ट असा आवाज झाला आणि टोकाचा वीतभर तुकडा सासूबाईंच्या परातीत येऊन पडला.

सासूबाईंनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला. "जावईबापू, हा सोलायचा नाही ना?"

त्याला हसूही आलं नाही. नवीकोरी काठी, पाण्याचं तोंडही न बघता गेली होती. "आई, तुमच्या लेकीला काही बोलू नका," तो एवढंच म्हणाला. सासूबाईंनी मान हलवली आणि पुढची शेंग हातात घेतली.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. माणसाच्या हातून चूक होते, चार लोक हसतात, संपतं. पण सोमवारी दुकानात बसल्या बसल्या चष्मेवाल्याच्या मनात भलतंच शिजू लागलं. दुसरी काठी घ्यायची तर बायको विचारणार, पहिली कुठे गेली. आणि ताईंना काय सांगायचं? पंख्यात घातली? वयाच्या बावन्नाव्या वर्षी?

यातली गंमत अशी, की असल्या थापांचा त्याच्याइतका जाणकार गावात दुसरा नव्हता. लोक चष्म्यावर बसतात आणि त्याच्याकडे येऊन सांगतात, नुसता टेबलावर ठेवला होता हो, सकाळी बघतो तर दांडी तुटलेली. तो तोंडावर काही बोलत नसे, पण संध्याकाळी घरी त्यांच्या नकला करून बायकोला हसवत असे. आता तोच माणूस तुटकी काठी कागदात गुंडाळून ताईंच्या दुकानाची पायरी चढला.

"ताई, कालच तळ्यावर गेलो होतो. मासा लागला, उचलायला गेलो आणि टोकच गेलं."

"केवढा होता?"

"छोटाच. असा, वीतभर." त्याने हाताने दाखवलंही. न लागलेल्या माशाचं माप दाखवताना त्याचा हात जरासुद्धा कापला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटत राहिली.

ताईंनी तुटकं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. "वजनाने तुटली की काठी चिरफाळते. हिला तर घाव बसल्यासारखा दिसतोय." त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.  मग त्याच म्हणाल्या, "पण तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार. तुमचं कामच बारकाईचं. काठी करणाऱ्याच्या हातूनच एखादी कच्ची गेली असेल."

त्यांनी भिंतीवरची एका कंपनीची काठी काढून त्याला दिली. पहिलीपेक्षा महागाची होती, पण वरचं काही घेतलं नाही. त्याने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

पुढचे तीन रविवार तो तळ्यावर गेला. त्याला आमिष लांब टाकता येऊ लागलं, दोनदा मासेही लागले. बायको म्हणाली, "अहो, तुमचा चेहरा निवळलाय हल्ली."  नवी काठी कोपऱ्यात उभी असायची, तिच्याकडे सासूबाई एकदा बघायच्या, पंख्याकडे एकदा बघायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

चौथ्या आठवड्यात तो दोरा आणायला ताईंकडे गेला. दुकानात एक मुलगी उभी होती. अंगावर इस्पितळाचा पांढरा गणवेश, डोळे रात्रपाळीने लाल. नर्स होती. तिलाही पहिलीच काठी हवी होती, स्वस्त आणि कुठेही चालेल अशी.

"माझ्या वॉर्डातल्या एका आजोबांनी सांगितलंय, हिरव्या दोऱ्याची घे म्हणून," ती म्हणाली. "त्यांच्याकडे पाच वर्षं आहे म्हणे."

"मीही तेच सांगितलं असतं," ताई म्हणाल्या. "पण आता नाही देत. टोकाचा भरवसा राहिला नाही. हे उभे आहेत ना, यांच्याच हातात तुटली, पहिल्या दिवशी. सांगा हो चष्मेवाले."

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? चार शब्दांचं काम होतं. चष्मेवाल्याने घसा खाकरला.

"हो," तो म्हणाला. "तुटली."

नर्सला दुसरी चांगली परवडण्यासारखी नव्हती. शेवटी तिने घडीची एक काठी घेतली, एकात एक जाणारी, जाडजूड. ताईंनी सांगितलं, हिने हलकं आमिष लांब जाणार नाही. ती म्हणाली, चालेल, सध्या एवढीच झेपते. जाताना तिने चष्मेवाल्याचे आभार मानले. "तुमच्यामुळे वाचले," म्हणाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोरा न घेताच तो घरी आला. जेवताना घास तोंडात फिरू लागला. बायको पाणी आणायला आत गेली तशा सासूबाई हळूच म्हणाल्या, "काठीचंच आहे ना?"

त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. पंख्याचं त्यांना ठाऊकच होतं, दुकानातलं ठाऊक नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही नवीन विकत आणलीत," त्या म्हणाल्या.  चष्मेवाल्याला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "उद्या तुमच्याबरोबर येऊ का दुकानात? मी बाहेर उभी राहीन."

"नको आई. मी जातो."

दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभा राहिला. ताईंनी कुलूप काढलं, दिवा लावला. त्याने नवी काठी काउंटरवर आडवी ठेवली.

"हीसुद्धा तुटली का?" ताईंनी काळजीने विचारलं.

"नाही. ताई, ती पहिली काठी माशाने तुटली नव्हती. मी घरात पंख्यात घातली होती. तळ्यावर गेलोच नव्हतो."

ताई हसतील असं त्याला कुठेतरी वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"आणि मासा? हाताने दाखवलात तो?"

"तोही नव्हता."

"या इकडे," त्या म्हणाल्या आणि त्याला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. भिंतीला हिरव्या दोऱ्याच्या काठ्यांचा जुडगा टेकून ठेवला होता. त्यांनी एक त्याच्या हातात दिली. "टोक बघा."

टोक जाड होतं. आधीच्यापेक्षा दुप्पट.

"मी काठ्या करणाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोलले. सहा वर्षांत पहिल्यांदा. तो बिचारा उलट एक शब्द बोलला नाही. इथला सगळा माल घेऊन गेला आणि एकेक टोक बदलून काल संध्याकाळी आणून दिलं. दोन आठवडे दुसरं काही केलं नाही त्याने. आता या काठीने आमिष लांब जात नाही. चांगली काठी होती, तिची त्याने लाठी करून ठेवली. कशासाठी? तुमच्या पंख्यासाठी."

 माफ करा म्हणायला चष्मेवाल्याने तोंड उघडलं, पण तो शब्द त्याला त्या जुडग्यासमोर फारच हलका वाटला.

ताईंनी फोन लावून त्याच्यापुढे केला. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

पलीकडून घोगरा, थकलेला आवाज आला. चष्मेवाल्याने आपण कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं. मधे काहीही न सोडता, माशासकट. पलीकडे बराच वेळ कसलातरी कानस घासल्यासारखा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे काठीत दोष नव्हता?"

"नव्हता. तुमचं काम उत्तम होतं."

"मी महिनाभर झोपलेलो नाही हो," तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता. "चूक सापडतच नव्हती. सापडत नाही म्हणजे आपली नजर गेली, असं वाटायला लागलं होतं." मग म्हणाला, "ताईंना सांगा, पुढच्या खेपेला बारीक टोकं पाठवतो." आणि फोन ठेवला.

चष्मेवाल्याने बदल्यात मिळालेली काठी परत केली आणि जाड टोकाची एक विकत घेतली. ताईंनी पैसे घेतले, पावती दिली. निघताना म्हणाल्या, "या, साहेब." इतके दिवस त्या त्याला चष्मेवाले म्हणत असत.

नर्स त्याला दोन रविवारांनी तळ्यावर दिसली. घडीच्या काठीने ती जोर लावून आमिष फेकत होती आणि ते दहा हातांवर पडत होतं. तो तिच्याजवळ गेला. आता सांगणं सोपं जाईल, अशी त्याची समजूत होती. ते तसूभरही सोपं गेलं नाही. त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "बारीक टोकाच्या आल्यात आता. मी तुम्हाला एक आणून देतो."

तिने दोरा गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं.

"मी तुमचे आभार मानले होते," ती म्हणाली.

"हो."

"काठी नको. घ्यायची तेव्हा मी माझी घेईन."

ती सामान उचलून वीसेक पावलं पलीकडे जाऊन उभी राहिली. चष्मेवाल्याला निघून जावंसं वाटलं, पण तो गेला नाही. त्याने जाड टोकाच्या काठीला आमिष लावलं आणि फेकलं. तेही दहा हातांवरच पडलं. तिने ते पाहिलं की नाही, हे त्याला कळलं नाही. तिकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. उन्हं वर येईपर्यंत दोघं आपापल्या जागी उभे होते आणि दोघांनाही काही लागलं नाही.