हवालदाराचं भांडं

गाडीवाल्याने जाळीचं दार उघडलं आणि आतून एक पांढरंशुभ्र, लोकरीच्या गुंड्यासारखं कुत्रं अंगणात उडी मारून उतरलं. मावशी खोल्या धूत होत्या. कुत्रं पाहताच त्यांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला आणि पायातल्या चपला भिजल्या तरी त्यांना कळलं नाही.

"ओळखलंत का?" गाडीवाला मिशीत हसत म्हणाला. "बाजाराच्या कोपऱ्यावर हिंडत होतं. गळ्यात पट्टा नाही, पाटी नाही. बेवारस म्हणून उचललं. नियम म्हणजे नियम!"

"न ओळखायला काय झालं? ही तर कापशी," मावशी म्हणाल्या. "देव उशिरा देतो रे, पण बघ, घरपोच देतो."

नगरपालिकेच्या या प्राणी-निवाऱ्याचा सगळा कारभार मावशींच्या हातात होता. राहायलाही त्या तिथेच, फाटकालगतच्या दोन खोल्यांत. अंगणाच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या, मध्ये एक जुना बाक, आणि मागच्या अंगाला एक भिंत. त्या भिंतीपलीकडे वकीलसाहेबांचं घर होतं. कापशी त्यांचीच. बायको गेल्यापासून घरात ते आणि कापशी, तिसरं कुणी नाही.

आता निवाऱ्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. कुठला प्राणी कुणाच्या घरी द्यायचा, हे मावशी एकट्या ठरवत नसत. ते वस्ती ठरवत असे. रविवारी सकाळी अंगणात बैठक भरायची, आणि तिला लहानथोर सगळ्यांना मोकळीक होती. आधी हात वर करून मतं घेत. पण मुलं दोन्ही हात वर करायची, आणि एखादं तर पायही. म्हणून मावशींनी तोडगा काढला. प्रत्येकाला एक बिस्किट मिळे. प्राणी त्या घरी जावा असं ज्याला वाटे, त्याने आपलं बिस्किट त्या प्राण्याच्या भांड्यात टाकायचं. भांड्याच्या आत एक लाल रेघ ओढलेली होती. बिस्किटं रेघेला टेकली की प्राणी घरी गेला. मग भांडं त्याच्यासमोर ठेवत. न्हावी दरवेळी म्हणायचा, "इथं एकदा दिलेलं मत परत मिळत नाही बरं का, कुत्रं खातं!" आणि दरवेळी लोक हसायचे.

रीत मावशींची, पण नियम वकीलसाहेबांचे. ते निवाऱ्याच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. गळ्यात पाटी नसलेला प्राणी रस्त्यावर सापडला, तर तो बैठकीशिवाय परत द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. बैठकीत मालकाने अवाक्षर काढायचं नाही, कारण मालक हटकून खोटं बोलतात, हाही त्यांचाच. आणि ज्या प्राण्याच्या भुंकण्याबद्दल तीन तक्रारी येतील, त्याची रवानगी शहराबाहेरच्या मोठ्या कोंडवाड्यात, हा तर त्यांचा सगळ्यात लाडका नियम. वस्तीतली पोरं त्यांना पाठीमागे 'कलमकाका' म्हणत.

या लाडक्या नियमाने मावशींचा हवालदार गेला होता.

हवालदार म्हणजे निवाऱ्यातला म्हातारा, तीन पायांचा कुत्रा. त्याला कुणी घरी नेलं नाही, म्हणून तो मावशींचाच झाला होता. रोज संध्याकाळी लंगडत लंगडत प्रत्येक खोलीपुढून गस्त घालायचा आणि फाटकाशी गाडी थांबली की एकदा, फक्त एकदा, भुंकायचा. मोठमोठे चावरे कुत्रे त्याच्यापुढे शेपूट घालत. पण ते एकदा भुंकणंही भिंतीपलीकडे खपलं नाही. एकाच आठवड्यात तीन तक्रारी आल्या, तिन्ही वकीलसाहेबांच्या. बैठकीत मावशी उठल्या. "साहेब, दोन शब्द बोलू द्या. माझं जनावर आहे."

"म्हणूनच नाही," वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले. "मालकाला बोलता येत नाही, बाई. कलम वाचा."

कोंडवाड्यात हवालदाराने अन्नाला तोंड लावलं नाही. मावशी भेटायला गेल्या तेव्हा तो फाटकाकडे तोंड करून पडला होता. नंतर गेल्या तेव्हा ती जागा रिकामी होती. परत येताना त्यांनी त्याचं कल्हईचं भांडं पदराखाली धरून आणलं आणि त्याच्या जुन्या खोलीत ठेवलं. त्या खोलीत त्यांनी पुन्हा कुठलाच प्राणी ठेवला नाही.

तर असे हे वकीलसाहेब दुपारी धापा टाकत निवाऱ्यात आले. "बाई, माझी कापशी... रंगारी फाटक उघडं टाकून गेले हो! आंघोळीसाठी पट्टा काढला होता, तेवढ्यात..."

"रविवारी बैठक आहे," मावशी म्हणाल्या.

"अहो, पण ती माझी आहे! तुम्ही रोज बघता!"

"मी बघते हो. पण मी कोण? वस्ती ठरवेल. कलम तुम्हीच लिहिलंय, मी कशाला वाचून दाखवू?"

जाळीआड कापशी मागच्या पायांवर उभी राहून केकाटत होती. वकीलसाहेबांनी जाळीतून बोट आत घातलं. तिने ते चाटलं. मावशींनी तोंड फिरवलं, पण मन काही फिरलं नाही.

बैठकीची वर्दी घरोघर द्यायची, असा दंडक होता. एरवी हे काम गाडीवाला करायचा. या खेपेला मावशी स्वतः निघाल्या. खोटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्याची गरजच नव्हती. शिंपीणबाईंच्या दारात त्या सहज म्हणाल्या, "रविवारी या हं. वकीलसाहेबांच्या कुत्रीची बैठक आहे. अगं बाई, तुमचा इथं ओटा होता ना? छान सावली असायची. कुणी पाडायला लावला बरं तो?"

शिंपीणबाईंच्या ओठांतली टाचणी जरा जास्तच दाबली गेली.

न्हाव्याकडे म्हणाल्या, "तुमची दुकानाची पाटी रस्त्यावर येते म्हणून दंड झाला होता, नाही का? कुणाच्या अर्जावरून, विसरले बघा मी."

"तुम्ही विसरा मावशी," न्हावी वस्तरा परजत म्हणाला, "मी कशाला विसरतोय!"

अशा त्या दारोदार फिरल्या. विझत आलेल्या चुलीत फुंकर मारावी, तशी प्रत्येक दारात एकच फुंकर. घरी परतल्या तेव्हा पाय दुखत होते, पण किती दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

रविवारी अंगण भरलं. वकीलसाहेब इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसले. तोंड उघडायची सोय नव्हती. मावशींनी कापशीचं भांडं मधोमध ठेवलं आणि त्या बाजूला झाल्या. लोक एकेक करून पुढे आले, भांड्यापाशी थांबले, वकीलसाहेबांकडे पाहिलं, आणि बिस्किट खिशात घालून परत फिरले. न्हाव्याने तर आपलं बिस्किट त्यांच्यासमोर उभं राहून सावकाश चावून खाल्लं. वकीलसाहेबांचे ओठ हलले. "साहेब, मालकाला बोलता येत नाही," मावशी गोड आवाजात म्हणाल्या.

कापशीला सोडलं. ती धावत भांड्याशी गेली, रिकामा तळ चाटला, आणि मान वर करून मालकाकडे पाहू लागली.

मावशींच्या पोटात साखर पडली.

खरी मजा त्यापुढे होती. कापशी निवाऱ्यात राहिली आणि भिंतीपलीकडे वकीलसाहेब. त्यांच्या खोकल्याचा आवाज आला की ती भुंकायची. त्यांची स्कूटर वळणावर आली की भुंकायची. भांडं पडलं, खिडकी वाजली, की भुंकायची. हवालदारासारखं एकदा नव्हे, घसा बसेपर्यंत. पहिली तक्रार आली. मग दुसरी. आणि वकीलसाहेब, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांवर तक्रारी केल्या, ते हात जोडून घरोघर फिरू लागले. "तक्रार करू नका हो. माझी कापशी आहे ती. तिला कोंडवाड्यात नका पाठवू."

"म्हणजे भिंतीपलीकडचं भुंकणं आता गोड लागायला लागलं म्हणायचं," शिंपीणबाई म्हणाल्या आणि मशीन चालू केलं. साहेब वळणावरच स्कूटर बंद करून घरापर्यंत ढकलत आणू लागले. खोकला आला की उशीत तोंड खुपसू लागले. मावशी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता हे बघायच्या, आणि एकच चादर पुन्हा पुन्हा झटकायच्या.

शेवटी एका सकाळी ते फाटकाशी आले. दाढी वाढलेली. "मावशी," ते म्हणाले. आजवर त्यांनी 'बाई'शिवाय हाक मारली नव्हती. "ज्याला नकार मिळाला, त्याने महिनाभर निवाऱ्यात काम केलं तर पुन्हा बैठक घेता येते ना?"

"हे कलम मात्र माझं आहे," मावशी म्हणाल्या. "या. झाडू तिथे आहे."

त्यांनी साहेबांना हवालदाराची खोली दिली. कापशीची नव्हे. "ही फरशी रोज घासायची. हे भांडंही. चकचकीत पाहिजे."

वकीलसाहेबांनी उकिडवं बसून भांडं घासलं. राख कोपरापर्यंत उडाली. मग सहज विचारलं, "रिकाम्या खोलीत भांडं कुणाचं हे?"

या प्रश्नाची मावशी दोन वर्षं वाट पाहत होत्या. उत्तर त्यांनी मनात कितीदा घोटून ठेवलं होतं. "हवालदाराचं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"कोण हवालदार?"

"तीन पायांचा. तुम्ही तीन तक्रारी केल्या होत्यात."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला. ते काही आव आणत नव्हते, हेच वाईट होतं. "नाही हो आठवत," ते म्हणाले. "तक्रारी मी पुष्कळ केल्या."

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षं त्या ज्याच्या नावाने रोज दातओठ खात होत्या, त्याला ते साधं ठाऊकही नव्हतं! चोराला शिक्षा व्हावी आणि चोरानं विचारावं, कसली हो चोरी? त्या तडक आपल्या खोलीत गेल्या. तिसरी तक्रार बाकी होती. त्या फाटकाशीच राहत होत्या, वस्तीच्याच होत्या. त्यांच्या एका शब्दावर कापशी उद्या कोंडवाड्यात गेली असती. मग जन्मात विसरले नसते साहेब!

तो शब्द गाडीवाल्याला सांगायला म्हणून त्या बाहेर आल्या. वाटेत कापशीची खोली होती. कापशी भुंकत नव्हती. सकाळचं खाणं तसंच पडलं होतं, माशा बसल्या होत्या. आणि ती फाटकाकडे तोंड करून पडली होती.

मावशी जाळीला धरून किती वेळ उभ्या राहिल्या.

"काय मावशी, गाडी काढू का?" गाडीवाल्याने लांबून विचारलं.

"कशाला?" त्या खेकसल्या. "तुझ्या गाडीला दुसरं काम नाही का?"

त्या वळल्या त्या हवालदाराच्या खोलीकडे. साहेब अजून घासतच होते. मावशींनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. शाळेत मास्तरीण बसते तशा. "आठवत नाही ना? बरं. मी शिकवते. रोज एक धडा. आजचा धडा, त्याचा पाय कसा गेला. ऐका, आणि हात थांबवू नका."

आणि खरंच, रोज एक धडा. तो गस्त कसा घालायचा. विजा कडाडल्या की त्या आडदांड कुत्र्यांमध्ये जाऊन कसा बसायचा. कोंडवाड्याच्या फाटकाशी कसा पडला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आदला धडा म्हणून दाखवायचा. चुकलं की पुन्हा. वकीलसाहेबांना कलमं पाठ करायची सवय, पण इथं त्यांची जीभ अडखळायची. कोंडवाड्याचा धडा तर त्यांनी तीनदा चुकवला. मावशींनी तीनदा तो पहिल्यापासून म्हणायला लावला. धडा झाला की त्यांना कापशीला हाताने भरवायची परवानगी होती. ती खाऊ लागली.

महिना सरला. पुन्हा रविवार, पुन्हा भरलेलं अंगण, पुन्हा तो बाक. मावशी उभ्या राहिल्या. "आज मालक बोलणार."

"पण कलम..." साहेब स्वतःच पुटपुटले.

"कलम मरू दे. उठा. कापशीबद्दल नाही बोलायचं. हवालदाराबद्दल."

वकीलसाहेब उठले. दोन्ही हात मागे बांधून, पाठांतराला उभं केलेल्या पोरासारखे बोलू लागले. पायाचं सांगितलं, गस्तीचं सांगितलं. कोंडवाड्यापाशी आले आणि थांबले. लोकांना वाटलं, विसरले. "फाटकाकडे तोंड करून," मावशींनी खालच्या आवाजात आठवण दिली.

"विसरलो नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले. पुढचं त्यांना सांगता आलं नाही.

मग शिंपीणबाई उठल्या आणि त्यांनी एक बिस्किट भांड्यात टाकलं. मागून न्हावी आला. "ओट्याचं आणि पाटीचं नंतर बघून घेऊ, साहेब," तो म्हणाला. बिस्किटं पडत गेली, लाल रेघेला टेकली, वर चढली. फक्त मावशींनी आपलं बिस्किट टाकलं नाही. लोक पाहत होते. त्यांनी ते मुठीत धरलं, हवालदाराच्या खोलीत गेल्या आणि त्या चकचकीत भांड्यात ठेवून आल्या.

कापशी मतं खाऊन घरी गेली.

सोमवारी सकाळी मावशी फाटक उघडायला गेल्या, तर वकीलसाहेब कापशीला घेऊन उभे. तिच्या गळ्यात नवा पट्टा, त्याला ही एवढी मोठी पाटी. "आभार मानायला आलो," ते म्हणाले. "माझं काम संपलं ना आता?"

"कापशीचं संपलं," मावशी म्हणाल्या आणि राखेचा डबा त्यांच्या हातात दिला. "हवालदाराचं कुठं संपलंय?"

साहेबांनी कापशीला बाकाला बांधलं, बाह्या सरसावल्या आणि खोलीकडे गेले. रस्त्यावर गाडी थांबली. कापशी भुंकली.

"भुंकू दे," मावशी भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "आता बघते कोण तक्रार करतंय."