मंगळाष्टकांनंतरची सहा मिनिटं

बंगळूरच्या जयनगरात मराठी लग्न असलं की व्हिडिओला मीच, गिरीराज. बारा वर्षांत तीनेकशे लग्नं तरी काढली असतील. नवरीला कधी रडवायचं आणि तिच्या सासऱ्याचं टक्कल कसं लपवायचं, हे मला झोपेतही जमतं. आणि अशा या शहाण्या माणसानं सख्ख्या भाचीच्या लग्नाच्या कॅसेटमधून तिच्या आईलाच कापून टाकलं होतं. वर वर्षभर त्याला पत्ता नव्हता.

भव्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, कौशल्याक्का. भव्या तीन वर्षांची असताना भावजी होसकोट्याकडं अपघातात गेले. तेव्हापासून शाळेचे गणवेश शिवून अक्कानं लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं.

शहाण्णव साली श्वेता नावाची मुलगी माझ्या दुकानात आली. नोकरीसाठी पुण्याहून आलेली, महिला मंडळात काम करणारी. मंडळाला दहा-दहा मिनिटांच्या पाच फिल्म हव्या होत्या. मान खाली घालून जगायचं नाकारलेल्या पाच बायकांच्या, एकाच कार्यक्रमात ओळीनं दाखवायला.

"दादा, रिअल पाहिजे हं. ते गुलाबांचे इफेक्ट्स प्लीज नको," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. मला रागच आला. माझे गुलाब लोकांना आवडतात. पण चार फिल्म झाल्या आणि मी गप्प झालो. बेळ्ळंदूरच्या विठाबाईनं नवऱ्यामागं दिरांशी भांडून भाजीचं शेत नावावर करून घेतलं, ती फिल्म तर मी दुकान बंद करून पुन्हा पाहिली.

पाचवी बाई घरच्यांच्या धाकानं ऐन वेळी मागं सरली. "माझी अक्का आहे की," मी बोलून गेलो.

अक्काला मी विचारलं, तशी ती दुसऱ्या दिवशी भव्याच्या लग्नाची कॅसेट पिशवीत घालून दुकानात आली.

"लाव," म्हणाली.

लावली. मंगळाष्टकं, अक्षता, मंगळसूत्र. कन्यादानाला बसलेले आमचे थोरले भाऊ अण्णा आणि वहिनी झकास आले होते.

"यात मी कुठं हाय रे, गिरी?"

ती कुठं होती ते मला तिथल्या तिथं आठवलं. मंडपाच्या खांबाशी, मुठीत अक्षता धरून. मी तिला कॅमेऱ्यात घेतलंही होतं. पण ज्यांच्याकडं मी धंदा शिकलो त्या शिवाप्पांचा पहिला धडा होता, मंगळसूत्राच्या वेळी विधवा बाई दिसली तर तेवढं कापायचं, नाहीतर गिऱ्हाईक कॅसेट परत आणतं. एडिटिंग करताना पांढरं कपाळ दिसलं आणि हात बटणावर गेला. चेहरा कुणाचा, हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मूळ टेप आसंल की तुझ्याकडं. स्वल्प, जरा बघ ना."

नव्हती. मूळ टेपवर आम्ही पुढचं लग्न उतरवतो. अक्काच्या जागी आता कुणा परक्याचं रिसेप्शन होतं. तिला हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सरी, बरं," ती म्हणाली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. "भायेरच्यांना दाखवायला मी पायजे, आन् लेकीच्या लग्नात नको. तुझं पिच्चर तुलाच ऱ्हाऊ दे."

मी श्वेतापुढं शिवाप्पांना शिव्या घातल्या, गिऱ्हाइकांना घातल्या. मग शिव्या घालायला मी एकटाच उरलो. मग भव्याकडं गेलो आणि सगळं कबूल केलं. तिला सातवा महिना होता, रविवारी अण्णांच्या घरी डोहाळजेवण होतं.

"मामा, कॅमेरा घेऊन ये," ती एवढंच म्हणाली.

रविवारी घर बायकांनी भरलं होतं. वहिनी ओटीचं तबक घेऊन पुढं झाली आणि अक्का सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं सरकली.

"मामी, थांब," भव्या म्हणाली. "माझी ओटी आई भरणार."

"आसं करत न्हाईत गं, पोरी," तिच्या आजेसासूबाई, मालनबाई, म्हणाल्या.

"मग मी अशीच बसते." आणि पदर पसरून ती खरंच बसून राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी वहिनीच उठली आणि तबक अक्काच्या हातात दिलं. "घ्या अक्का. तिला कळ लागंल बसून," म्हणाली. वहिनीचे तेवढ्याबद्दल मी जन्मभर पाय धरीन.

अक्काचं कुंकवाचं बोट मध्येच थांबलं. तेव्हा भव्यानंच आपलं कपाळ पुढं केलं. माझा अंगठा बटणाकडं गेला होता. तो मी उचलला. पुढची सहा मिनिटं कॅमेरा चालू ठेवला. मी रडत होतो, त्यामुळं चित्र हललंय. अक्कानं ते पाहून "आता दाखव" म्हटलं, आणि पाचव्या फिल्ममध्ये श्वेतानं ते तसंच ठेवलं.

मंडळाच्या कार्यक्रमाला अक्का मागच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. भव्यानं तिला उठवून पहिल्या रांगेत नेलं. पाचही फिल्म संपल्या, टाळ्या झाल्या, दिवे लागले. अक्का मला म्हणाली, "आता ह्ये भव्याच्या कॅसेटमदी घाल. मंगळाष्टकं संपली की लगेच."

"अक्का, तिचं पोट दिसतंय. साडीपण वेगळी. लोक काय म्हणतील?"

"मी लग्नात होते का नव्हते?"

"होतीस."

"मग घाल."

घातलं. तेव्हापासून त्या कॅसेटमध्ये अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि नवरी एकदम सात महिन्यांची गरोदर होऊन पाटावर बसते. पाहुणे पोट धरून हसतात. हसू देत. भव्याची निधी आता तीन वर्षांची आहे, ती मात्र हसत नाही. परवा आजीच्या मांडीवर बसून ती पडद्याकडं बोट दाखवत म्हणाली, "आज्जी, मीपण होते आईच्या लग्नात!"

"होतीस की," अक्का म्हणाली. "आपण दोघी होतो."