मनगटावरचा झरा

हॉलमध्ये चौतीस गाद्या, चार स्पीकर, मनगटावर बांधायचं रक्तदाबाचं एक यंत्र आणि ऐकायला आलेली पस्तीस माणसं. पस्तिसावी मी, भिंतीला टेकून.

नुसत्या आवाजानं रक्तदाब उतरवतो म्हणणाऱ्या नादगुरूंची पद्धत ठरलेली. दारातच प्रत्येकाला उभं करायचं, हात खाली सोडून दाब मोजायचा. मग वीस मिनिटं झऱ्याची खळखळ. शेवटी पडल्या पडल्याच, हात तीन उशांवर ठेवून, पुन्हा मोजायचं. आकडे वहीत, मोठ्यानं सांगायचा तो फक्त उतार.

"अठ्ठावन्न उतरले!" माझ्या मावशीच्या गादीशी ते गरजले. "गोळ्या रक्ताला दटावतात, झरा समजूत घालतो. थेट निसर्गाकडे वशिला, मंडळी!"

टाळ्या पडल्या. मावशीनं रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप दाराजवळच्या टोपलीत टाकली. टोपली जवळपास भरली होती.

"किती दिवस घेतल्या नाहीस?" मी तिला विचारलं.

"अकरा. ठणठणीत आहे बघ. डोकं तेवढं ठणकतं, नि सकाळपासून सुईत दोरा ओवता येईना."

"आणि याला ठणठणीत म्हणतेस?"

"ताण बाहेर पडतोय, असं गुरुजी म्हणाले. तुझं सायन्स घरी ठेव गं!"

मी स्पीकरांची वायर उपसली. खळखळ थांबली.

"ए पोरी!"

"एकच मिनिट, गुरुजी." यंत्र स्वतःच्या मनगटावर बांधलं. हात खाली सोडून एकशे एकोणपन्नास. आडवी होऊन, हात उशांवर ठेवून नव्व्याण्णव. "झरा बंद, तरी पन्नास उतरले."

"मग उशांनाच गुरू करा की!" मागून कुणीतरी म्हणालं. हसलं मात्र कुणी नाही.

"टाकीच्या खालच्या नळाला जोर जास्त, वरच्याला कमी," मी म्हणाले. "रक्तालाही वजन असतं. मनगट हृदयाच्या खाली नेलं की आकडा चढतो, वर नेलं की उतरतो. झऱ्याच्या आवाजानं मन निवतं, खुशाल ऐका, मीही ऐकते. पण दाब नीट मोजा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका."

नादगुरूंनी वही मिटली. आपापल्या गोळ्या परत घ्यायला टोपलीपाशी गर्दी झाली; कुणीतरी डॉक्टरांना फोन लावला.

मावशीला खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, मनगट छातीच्या उंचीला, पाच मिनिटं बोलणं बंद. मग दोनदा मोजलं.

पहिल्यांदा वरचा दाब दोनशे बारा, खालचा एकशे चोवीस. दुसऱ्यांदा दोनशे चौदा, एकशे सव्वीस. ठणकणारं डोकं नि सुईत न जाणारा दोरा याच धोक्याच्या दाबाचे इशारे होते.