टोकाचा माग

ऑपरेशननंतर पायातली रक्ताची गुठळी माझ्या फुप्फुसात गेली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, तासातासाला चालायलाही सांगितलं. गोळी माझी बायको नसीबा द्यायची. पण कामतघरच्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात मी खुर्ची सोडेन तर शपथ!

आणि साला, दर तासाला टोकाचा माग बंद पडायचा. मी ओरडत तिथवर जायचो. कारागीर हिरामण शांतपणे म्हणायचा, "धागा तुटला, शेठ."

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "गुठळी नाही. गोळी बंद. चाललात छान!" नसीबा खुदकन हसली. हिरामणला तिनंच पढवलं होतं!

दुसऱ्या दिवशी तास उलटला, तरी सगळे माग चालूच. मला करमेना. उठलो, टोकाचा माग स्वतःच बंद केला आणि हिरामणवर ओरडलो.