हात दिसू देत

"बाबा, फोन हातात कशाला धरलाय? टेबलावर टेकवून ठेवा ना, नेहमीसारखा. मला आईचे हात दिसत नाहीयेत."

"अगं, चेहरा दिसतोय ना? झालं तर मग!"

पडद्यावर आई होती, पण हनुवटीपर्यंतच. बाबांच्या मते माणूस ओळखायला तेवढं पुरेसं असावं. पासपोर्टलाही तेवढंच लागतं. पण आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. ती जे काय बोलायची ते हातांनी. हात न दिसणारी आई म्हणजे तोंड दाबून बसवलेली आई, हे बाबांना कोणी समजवायचं?

समजावणारी तर समुद्रापलीकडे होती. विद्यापीठाच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीत लेकीचा नंबर लागला होता आणि एका सत्रासाठी ती परदेशी शिकायला गेली होती.

घरचं इस्त्रीचं दुकान. बाबा इस्त्री फिरवत, आई घड्या घाली. आईने शाळा पाहिली नव्हती, त्यामुळे तिच्या खुणा घरच्याच, मायलेकींनी मिळून घडवलेल्या, जगात तिसऱ्या कुणाला न कळणाऱ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बाबांची गाडी 'जेवलीस का' आणि 'गिऱ्हाईक आलंय' यांच्यापुढे सरकली नव्हती. गरजच काय होती? घरात दुभाषी होती, आणि तीही पक्की वस्ताद. आईने एखाद्या चिकट गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, की ही गोड आवाजात सांगायची, "आई म्हणते, उद्या नक्की मिळतील कपडे."

परदेशी जायचं पत्र आलं त्या संध्याकाळी बाबा इस्त्री उभी करून म्हणाले होते, "तू गेल्यावर हिच्याशी बोलणार कोण?"

आईने भुवया उंचावून लेकीला विचारलं, काय म्हणतायत?

लेकीने खुणेने सांगितलं, म्हणतायत, खुशाल जा. आईने आनंदाने तिच्या पाठीत धपाटा घातला.

तिकडे पोरगी रमली. वर्गातली भाषा डोक्यावरून जायची, पण हात होते ना मदतीला! वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात दूध कसं उतू गेलं ते तिने हातवाऱ्यांनी असं सांगितलं, की सगळा मजला हसून हसून लोळला. ते सगळं ती आईला व्हिडिओवर रंगवून सांगायची. इकडे फोन खळीच्या बाटलीला टेकवलेला असायचा, आणि आई घड्या बाजूला टाकून दोन्ही हातांनी बोलत सुटायची.

आणि मग एका रविवारपासून नुसता चेहरा.

कधी नेटवर्क नाही, कधी दुकानात गर्दी. आईचे डोळे भरून यायचे, की बाबा फोन स्वतःकडे वळवायचे. "तुला बघून भरून येतं गं तिला." लेकीला ते पटत नव्हतं. पण परीक्षा तोंडावर आली होती, मैत्रिणींबरोबर डोंगरात जायचं ठरलं होतं, आणि पटवून घेणं सोयीचं होतं. तिने पटवून घेतलं.

ती परतली तेव्हा न्यायला बाबा एकटेच आले. घरी जाताना बसमध्ये, पिशवी मांडीवर घेऊन, समोरच्या सीटकडे बघत त्यांनी सांगितलं.

"आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात गेला तिचा. डाव्यालाही पहिल्यासारखं वळण नाही. पण चालते-फिरते आता."

"कधी?"

"तू गेलीस, त्यानंतर दोनेक महिन्यांनी."

"आणि मला आत्ता सांगताय, बाबा?"

"सगळं टाकून आली असतीस. तिला नसतं आवडलं ते."

"असं ती म्हणाली?"

बाबांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले.

"तिला विचारलं तरी होतंत का?"

"विचारून मला काय कळणार होतं? दवाखान्यात ती डाव्या हाताने रोज काहीतरी सांगायची. तेच तेच. नर्स म्हणाली, पाणी मागत असतील. मग मी पाणी द्यायचो." बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "ती प्यायची बिचारी. पुढे पुढे तिने सांगायचंच सोडलं."

लेकीला ओरडावंसं वाटत होतं. पण कुणावर ओरडायचं तेच तिला कळेना.

आई दुकानातच होती. कोपराने रुमाल दाबून धरून डाव्या हाताने घडी घालत होती. लेकीला पाहून ती उठली, तिला छातीशी धरून खूप रडली. रडणं ओसरल्यावर लेकीने हातांनी सांगितलं, आता बोल. मी आलेय. दवाखान्यात काय सांगत होतीस?

आईचा चेहरा उजळला. डावा हात वर आला, छातीपाशी थांबला, हवेत कसासा वळला. बोटं अर्धवट उघडली आणि मनगट खाली पडलं.

लेकीला कळलं नाही.

पुन्हा सांग, लेकीने खूण केली. आईने पुन्हा केलं, सावकाश, ओठ घट्ट दाबून. लेक अंदाज बांधत राहिली. दुखत होतं? भीती वाटत होती? मला बोलवत होतीस? दर वेळी आईने मान हलवली, नाही.

"काय म्हणतेय गं?" दारातून बाबांनी आशेने विचारलं.

लेक आईच्या हाताकडेच बघत राहिली.

आईने दोघांकडे पाहिलं. मग हात खाली घेतला, मान डोलावली आणि ती हसली. बँकेत, डॉक्टरांसमोर, शेजारणींच्या घोळक्यात, जिथे आपलं बोलणं पोचणार नाही हे तिला कळून चुकायचं, तिथे ती अशीच हसायची, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. लेकीकडे बघून ती आजवर कधी तशी हसली नव्हती.

आईने डाव्या हाताने बाकावरचा कपड्यांचा ढीग बाजूला सारला आणि तिला बसायला जागा करून दिली.